चौदा लिटरांत माळशेज

बदलापूरहून माळशेज घाटाकडे निघालेला शहाणा माणूस बारवी धरणाच्या रस्त्यानं सरळ मुरबाड गाठतो. आम्ही मात्र नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी बदलापुरातल्या मांजर्लीतून बाहेर पडलो आणि माळशेजकडे पाठ करून अंबरनाथच्या रस्त्याला लागलो. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हा. पण इलाज नव्हता. आमचे न्यायाधीश उल्हासनगरात राहतात, आणि ते गाडीत बसल्याशिवाय हा प्रवास सुरू झाला असं मानायला आमची बायको तयार नव्हती.

आता न्यायाधीश कशाला, ते सांगतो.

आमची गाडी छोटी, पांढरी, आणि वयानं आता आजीच्या पंगतीत बसावी अशी. मुलगी शाळेत असताना घेतलेली. मुलगी आता बंगळुरात नोकरी करते. मागच्या एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या सोसायटीत पाहुणी आली, तेव्हा ही गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात बसून होती. चिखल काढला, वायरी बदलल्या, इंजिन खोलून पुन्हा बसवलं, आणि गाडी चालू झाली. पण शुभाच्या, म्हणजे बायकोच्या मनातून ती उतरली ती उतरलीच. "नदी पिऊन बसलीय ती," शुभा म्हणायची. "आता पेट्रोलही तसंच ढोसणार. विकून टाका." मी म्हणायचो, गाडी पूर्वीसारखीच लिटरला पंधरा किलोमीटर जाते. ती म्हणायची, अकरा. हा वाद आमच्या घरात गणपतीपासून दिवाळीपर्यंत अखंड तेवत होता.

त्यात किशनभाई आले. उल्हासनगरात त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. पुरानंतर आमच्या सीटा त्यांनीच नव्यानं शिवल्या, तेव्हापासूनची दोस्ती. त्यांच्या नव्या सुनेला गाडी शिकायची होती, आणि शिकायला अशी गाडी हवी होती जिला खांब लागला तर घरात कुणी रडणार नाही. ही नेमकी तशी. मग शुभानं निकाल जाहीर केला: आता माहेरी जाऊ तेव्हा गाडीचं अ‍ॅव्हरेज मोजायचं. पंधरा किंवा वर आलं तर गाडी राहील आणि ती पुन्हा विकायचं नावही काढणार नाही. पंधराच्या खाली आलं तर गाडी किशनभाईंची. आणि मोजणार कोण? तर किशनभाई! बोकडाचा निवाडा खाटकाकडे. मी तेही मान्य केलं. माणसाला स्वतःच्या गाडीवर आणि गणितावर विश्वास असला की तो असाच मरतो.

माझा अंदाज साधा होता. शुभाचं माहेर माळशेजच्या पलीकडे, ओतूरच्या अलीकडे. उल्हासनगरच्या पेट्रोल पंपापासून जाऊन-येऊन दोनशे दहा किलोमीटर. पंधराच्या हिशोबानं चौदा लिटर. चौदाच्या आत राहिलो तर गाडी वाचली. शुभाला कागद दाखवला, तर तिनं चष्मा न लावताच सांगितलं, "यात माणसं कुठे धरलीत?"

"माणसं पेट्रोल पीत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. बायकोचं 'बरं' ऐकून जो सावध होत नाही तो मी.

गाडी हलकी करायला मी डिकीतून छत्र्या, घडीची खुर्ची आणि तीन वर्षांपूर्वीचा गणपतीचा पाट काढून ठेवला. सकाळी पोहेसुद्धा अर्धेच खाल्ले. अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात वाहतूक तुंबली तेव्हा, मोजणी अजून सुरू नसताना, नुसता सराव म्हणून दर थांब्याला इंजिन बंद केलं. बाजूचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "काका, धक्का देऊ का?"

"चालू आहे गाडी!" मी म्हणालो.

"मग चालवा की!"

शुभा खिडकीबाहेर बघत हसत होती. तिच्या बाजूनं निकाल लागायला सुरुवात झाली होती.

उल्हासनगरात किशनभाई दुकानाच्या पायरीवर तयार उभे होते. पांढरा शर्ट, काळा गॉगल, हातात भलामोठा स्टीलचा डबा. मी त्यांना शेकडो वेळा पाहिलं आहे, पण एक ओझं म्हणून कधी पाहिलं नव्हतं. ते मागच्या सीटवर बसले आणि गाडीनं खोल उसासा सोडला. शंभर किलोचा न्यायाधीश! माझ्या कागदावर त्यांचं नाव होतं, वजन नव्हतं.

"साईं, टेन्शन घेऊ नका," ते आपल्या सिंधी ढंगात म्हणाले. "आधी दालपकवान खा. खाली पेट हिसाब नको."

दालपकवान म्हणजे मैद्याची जाड, कडकडीत पुरी, वर दाट चणाडाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. मी गाडीचं वजन वाचवायला एकच खाणार होतो. तीन खाल्ले. वहिनींनी डब्यात आणखी दिले होते, तेही बरोबर घेतले.

मग पंप. आता इथला विधी नीट समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावर आहे. अ‍ॅव्हरेज काढायचं तर टाकी आधी काठोकाठ भरायची, फिरून यायचं, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावेल तेवढं आपण जाळलं. पण टाकीत हवा अडकते. पंपाची तोटी 'टक्' करून बंद पडते तेव्हा टाकी भरल्यासारखी वाटते, भरलेली नसते. म्हणून आपल्याकडे गाडी हलवतात. दोघंतिघं मागून धरून गाडीला डावीउजवीकडे डोलवतात, हवा बुडबुडत वर येते, आणि आणखी लिटरभर सहज मावतं. कंपनीचं पुस्तक याला सक्त मनाई करतं. आपण ते पुस्तक वाचत नाही.

"दोन्ही वेळा हलवायची," किशनभाईंनी बजावलं. "जाताना हलवली, येताना नाही हलवली, तर साईंचं अ‍ॅव्हरेज फुकट वाढेल. धंद्यात आपण माप सारखं ठेवतो."

"अगदी," शुभा म्हणाली, आणि पदर खोचून स्वतः मागे गेली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला किशनभाई. "हलवा भाऊ, हलवा! एक थेंब हवा राहता कामा नये!" गाडी पाळण्यासारखी झुलली. मागच्या रांगेतले लोक हॉर्न वाजवायचे थांबले आणि बघत राहिले. पेट्रोल तोंडाशी येऊन चमकलं तेव्हाच शुभा थांबली. कोर्टात शोभेल असा कडक चेहरा करून तिनं मीटर शून्यावर केला.

शहाड ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलो आणि युद्ध पेटलं. किशनभाईंना गाडी हवी होती, म्हणजे पेट्रोल जळायला हवं होतं.

"साईं, एसी?"

"नोव्हेंबर आहे, किशनभाई. खिडकी उघडा."

"धूळ येते. माझा घसा नाजूक आहे."

"तुमचा घसा? दुकानातून हाक मारलीत तर विठ्ठलवाडीत ऐकू येते!"

एसी लागला. मी तो दोन मिनिटांनी हळूच बंद करायचो, ते दोन मिनिटांनी खोकायचे. मुरबाडच्या आसपास भाताची कापणी संपली होती. खाचरं पिवळी, रिकामी, मध्येच पेंढ्याच्या उडव्या (रचलेल्या गंजी). रस्त्याकडेला एक बाई नव्या तांदळाचे पापड वाळवत बसली होती. एका उतारावर मी मोठ्या कौशल्यानं गाडी न्यूट्रलला टाकली, तशी शुभा म्हणाली, "अहो, हे घाटात केलंत तर मी तिथंच उतरून माकडांबरोबर राहीन." मी गिअर टाकला. त्या उताराचं पेट्रोल आजही माझ्या मनात ठिबकतं.

माळशेज पावसाळ्यात धबधब्यांनी पिसाळलेला असतो. तेव्हा लोक तो बघायला येतात आणि धुकं बघून परत जातात. आमच्या वाट्याला आलेला घाट कोरडा, निवांत, सोनेरी गवताचा होता. कडे उन्हात तांबूस दिसत होते, आणि पाण्याच्या जुन्या वाटा काळ्या रेघांसारख्या खाली उतरल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत चढली. मागून खुशीत आवाज आला, "पीतेय, पीतेय! आवाज ऐका साईं, गटागटा पीतेय!" वर पोचल्यावर माकडानं त्यांच्या डब्यातला एक पकवान उचलला आणि कठड्यावर बसून शांतपणे खाल्ला. मला त्या माकडाला मिठी मारावीशी वाटली. वजन तेवढंच कमी.

पठारावर पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं निळं पाणी डाव्या-उजव्या अंगानं लुकलुकत सोबत आलं, आणि दुपारी आम्ही दत्ताच्या, माझ्या मेहुण्याच्या, अंगणात उतरलो. दत्ता शेतकरी माणूस. कांदा, बाजरी आणि हसणं ही त्याची तीन पिकं.

"दाजी, गाडी अजून जित्ती हाय व्हय?"

"तेच ठरवायला आलोय," मी म्हणालो.

जेवायला मासवडी होती. बेसनाच्या पोळीत खोबरं, तीळ, लसूण भरून वळकटी करतात, तिच्या वड्या पाडतात, आणि बरोबर लालभडक रस्सा. किशनभाईंनी आधी हात आखडता घेतला, "मी मच्छी खात नाही." मासवडीत मासा नसतो हे कळल्यावर मात्र त्यांनी आखडलेला हात असा सोडला की दत्ताची बायको भाकऱ्या थापता थापता त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिली. मी मनातल्या मनात न्यायाधीशाच्या वजनात दीड किलो मिळवले.

जेवणानंतर ओसरीवर जरा डोळा लागला. जागा झालो तो डिकी लागल्याच्या आवाजानं. बाहेर येऊन बघतो तर गाडीचं नाक आभाळाकडे आणि बूड जमिनीला.

"काय भरलंस रे दत्ता?"

"काय न्हाय दाजी. एक गोणी कांदा, पायलीभर बाजरी, दोन डांगरं (लाल भोपळे). आन् पाव्हण्यांना येक गोणी."

"त्यांना कशाला?"

"पयल्यांदा आल्यात. मोकळ्या हातानं लावू व्हय?"

शुभा माझ्याकडे बघत होती. "माणसं कुठे धरलीत, असं विचारलं होतं मी," ती गोड आवाजात म्हणाली. तेव्हा मला तो प्रश्न समजला. तिला माहेरच्या रस्त्याचा खरा हिशोब पाठ आहे: जाताना गाडी रिकामी, येताना गाडीत माहेर. साऱ्या महाराष्ट्रात असं एकही घर नसेल जिथून पाहुण्याची डिकी रिकामी परत येते, आणि मी मात्र पेट्रोलचा अंदाज एखाद्या संन्याशासारखा काढला होता.

गाडी हातची चालली होती. मी धीर धरून वाट पाहिली. सगळे चहाला आत गेल्यावर हळूच डिकी उघडली आणि एक गोणी गोठ्यामागे नेऊन ठेवायचं ठरवलं. दोन पावलं गेलो. तिसऱ्या पावलाला शेणाचा गोळा होता. मी एकीकडे, गोणी दुसरीकडे, आणि कांदे अंगणभर मुलांसारखे मोकळे पळाले.

सगळे धावत आले. "दाजी, कांदं पळवित व्हता व्हय?" दत्ता हसून हसून खाली बसला. किशनभाईंनी जागीच निकाल दिला, "साईं, ही चीटिंग आहे." कांदे गोळा होऊन पुन्हा डिकीत गेले. माझा उजवा घोटा मात्र टोमॅटोसारखा फुगला. ब्रेकवर पाय ठेवून बघितला आणि ओरडलोच.

आता गाडी कोण चालवणार? किशनभाई म्हणाले, "मी आयुष्यभर सीटकव्हर शिवली. पुढच्या सीटचं काम मला येत नाही." दत्ताला ट्रॅक्टर येतो. सगळे शुभाकडे वळले.

शुभा गाडी शिकली ती ह्याच गाडीवर, बदलापूरच्या रिकाम्या प्लॉटांत, जेव्हा तिथं रिकामे प्लॉट होते. मुलीच्या क्लासला हीच गाडी ती वर्षानुवर्षं चालवत होती. पण पुरानंतर तिनं स्टीअरिंगला हात लावला नव्हता. मी विचारलं की म्हणायची, कंटाळा येतो.

ती पदर खोचून बसली. सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, चावी फिरवली आणि थांबली.

"काय झालं?" मी डाव्या सीटवरून विचारलं.

"काही नाही," ती हळूच म्हणाली. "ती पाण्यात होती ना, तेव्हा गॅलरीतून दिवसभर बघत होते मी. नुसतं टप दिसायचं. त्यानंतर वाटायचं, मी बसले आणि मध्येच बंद पडली तर?"

इतके महिने मला वाटत होतं की भांडण पेट्रोलचं आहे.

"पडली बंद, तर कांदे खाऊ," मागून किशनभाई म्हणाले. "दोन गोणी आहेत, भाभी. घाबरू नका."

ती हसली आणि क्लच सोडला.

पठार संपेपर्यंत तिचे खांदे कानापर्यंत वर होते. घाट सुरू झाला आणि समोरून एक ट्रक वळणावर सगळा रस्ता घेऊन आला. मी डोळे मिटले. किशनभाईंनी झुलेलालाचं नाव घेतलं. शुभानं गिअर खाली घेतला, गाडी कड्याच्या बाजूला अलगद टेकवली, ट्रकला जाऊ दिलं आणि पुढे निघाली. तिथून तिचे खांदे खाली आले. ती एका लयीत उतरत गेली. ना उगीच ब्रेक, ना उगीच रेस. तिच्या पायाखाली तीच गाडी वेगळ्याच सुरात चालत होती. एका वळणावर तिनं थांबून चहा घेतला, आणि निघताना बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "बरी आहे की गं तू!"

किशनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एसीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. बहुतेक मासवडीनं काढू दिलं नसावं.

संध्याकाळी उजेड असतानाच उल्हासनगरच्या पंपावर पोचलो. पंपावर सकाळचाच माणूस होता. त्यानं ओळखून विचारलं, "आता पाळणा नाही?"

"आहे ना!" किशनभाई खाली उतरले. "आधी भर."

आकडे पळायला लागले. आठ. दहा. बारा. मी एका पायावर उभा राहून देव आठवत होतो. तेरा. तेरा पाच. तेरा सहावर तोटी 'टक्' करून थांबली.

"आता हलवायची," किशनभाई म्हणाले आणि मागे जाऊन बाह्या सरसावल्या. "भाभी, उतरा."

शुभा स्टीअरिंगवर होती. पट्टा लावलेला, दोन्ही हात चाकावर, नजर समोर.

"भाभी?"

"अहो, माझी कंबर धरलीय. एवढा घाट चालवून आणला. तुम्ही हलवा ना."

किशनभाईंनी एकट्यानं धरली आणि जोर लावला. दोन गोण्या कांदे, बाजरी, दोन भोपळे आणि शुभा, एवढं सगळं एकट्या माणसाला कसं डोलवता येणार? गाडीनं जेमतेम कूस बदलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा घोटा दाखवला. त्यांनी पंपवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "शेठ, मागे लाईन आहे."

किशनभाई खिडकीपाशी आले, गॉगल काढला आणि खाली वाकले. "भाभी, सकाळी तुम्हीच म्हणालात, एक थेंब हवा नको."

"सकाळी म्हटलं होतं," शुभा समोर बघतच म्हणाली. "टक् वाजलं ना? मग भरली."

सकाळी पदर खोचून गाडी झुलवणारी हीच ती बाई! किशनभाई तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचं पोट आधी हलायला लागलं, हसू मागून आलं. "साईं," ते मला म्हणाले, "पंधराच्या वर. तुम्ही जिंकले. पण माझ्या सुनेचं काय?"

"पाठवा रविवारी," शुभा म्हणाली. "मी शिकवते. ह्याच गाडीवर."

किशनभाईंना त्यांची कांद्याची गोणी दिली, त्यांनी रिकामा डबा शुभाच्या हाती दिला, "भरून परत करा" असं बजावून. मग अंबरनाथवरून मांजर्लीपर्यंत शुभानंच गाडी आणली. वाटेत सिग्नलला तिनं इंजिन बंद केलं नाही, आणि माझीही सांगायची टाप नव्हती.

त्या दिवसापासून कुणी मला लांबच्या प्रवासाचं पेट्रोल किती लागेल असं विचारलं की मी सांगतो: किलोमीटर घ्या, अ‍ॅव्हरेजनं भागा, त्यात न्यायाधीशाचं वजन, मेहुण्याचं प्रेम आणि चार कांदे मिळवा, आणि शेवटी बायकोला विचारा. तिचा आकडाच खरा ठरतो, मग तो पंपावर काहीही दिसो.

मी पैज जिंकलो. गाडी आमच्या घरात राहिली. फक्त त्या संध्याकाळी वर आल्यावर मी सवयीनं दाराजवळच्या खुंटीवर चावी अडकवायला हात पुढे केला, तर शुभानं चावी पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि म्हणाली, "कांदे वर आणा."